रुसून आलेले, बोलावून आणलेले आणि मिळून आलेले : पर्यायी समाजमाध्यमांच्या आरंभीच्या वापरकर्त्यांविषयी एक चिकित्सा

गोषवारा : प्रस्थापित समाजमाध्यमांना पर्याय म्हणून गेल्या दीड दशकात अनेक मंच उभे राहिले. त्यांतील बरेचसे आरंभीच्या उत्साहानंतर ओस पडले अथवा बंद झाले. या अपयशाची चर्चा प्रामुख्याने भांडवल आणि तंत्रज्ञान यांच्या अंगाने होते. प्रस्तुत लेखात ती पहिल्या वापरकर्त्यांच्या अंगाने केली आहे. पहिले वापरकर्ते कोणत्या कारणाने आणि कोणाच्या सोबतीने येतात, यावर मंचावरील संवादाचे स्वरूप आणि बव्हंशी त्या मंचाचे आयुष्य ठरते, असे प्रतिपादन येथे केले आहे. त्यासाठी 'एलो', 'मॅस्टोडॉन', 'कू', 'मायबोली' आणि 'ब्लूस्काय' यांचा विचार केला असून भारतीय भाषांचा मंच म्हणून पुढे आलेल्या 'कू'ची विस्ताराने चिकित्सा केली आहे.

बीजशब्द : समाजमाध्यमे, पर्यायी मंच, आरंभीचे वापरकर्ते, नेटवर्क परिणाम, भाषिक समूह, मराठी आंतरजाल.

१. प्रस्तावना

बंगळुरू येथे २०२० साली सुरू झालेला 'कू' हा मंच बंद होत असल्याचे त्याचे संस्थापक अप्रमेय राधाकृष्ण आणि मयंक बिदावतका यांनी ३ जुलै २०२४ रोजी जाहीर केले. इंग्रजीबाहेरील भारताला व्यक्त होण्यासाठी हक्काची जागा असावी, ही या मंचाची घोषित प्रेरणा होती. कन्नड, हिंदी, तमिळ, तेलुगू या भाषांच्या पाठोपाठ मराठीलाही तेथे स्थान मिळाले होते. निरोपाच्या निवेदनात संस्थापकांनी दिलेले आकडे लहान नव्हते. भरभराटीच्या काळात दररोज सुमारे २१ लाख व दरमहा सुमारे एक कोटी सक्रिय वापरकर्ते आणि नऊ हजारांहून अधिक नामवंत व्यक्ती तेथे होत्या, असे त्यांनी नमूद केले. एवढी माणसे येऊनही मंच टिकला नाही, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

संस्थापकांचे स्पष्टीकरण असे की, गुंतवणुकीचा ओघ आटला आणि मोठ्या कंपन्यांशी चाललेल्या भागीदारीच्या वाटाघाटी फिसकटल्या. हे स्पष्टीकरण खोटे नाही, परंतु ते अपुरे आहे. भांडवलाचा प्रश्न उद्भवण्यापूर्वी आणखी एक प्रश्न विचारावा लागतो : जी माणसे तेथे आली ती एकमेकांसाठी आली होती काय? समाजमाध्यमात वापरकर्ता हा केवळ ग्राहक नसतो. इतर वापरकर्त्यांच्या दृष्टीने तोच तेथील माल असतो, तोच शेजार असतो आणि तोच करमणूकही असतो. म्हणून पहिल्या शंभर किंवा हजार माणसांची निवड हा विक्रीशास्त्रातील एक डावपेच नसून त्या मंचाच्या घडणीतील मूलभूत निर्णय होय.

प्रस्थापित मंचाची मालकी, भाषा, नियंत्रण अथवा जाहिरातींवर आधारलेली व्यवस्था यांविषयीच्या असमाधानातून जो मंच उभा राहतो, त्याला येथे 'पर्यायी' असे संबोधले आहे. अशा मंचांकडे प्रारंभी येणाऱ्यांचे, येण्याच्या कारणानुसार, तीन वर्ग पाडता येतात. काही जुन्या जागेवर रुसून येतात. काहींना मंचचालक बोलावून आणतात. आणि काही आधीच एकमेकांत मिळालेले असतात, ते मिळूनच येतात. प्रत्यक्षात हे वर्ग एकमेकांत मिसळलेले असतात, हे उघड आहे. तथापि कोणत्या वर्गाचे प्राबल्य आहे, हे पाहिल्यास अनेक मंचांच्या उदयास्ताचा उलगडा अधिक समाधानकारक रीतीने होतो.

२. संकल्पनात्मक भूमिका

नव्या वस्तूचा किंवा कल्पनेचा समाजात प्रसार कसा होतो, याचा अभ्यास करताना आपल्याकडे एव्हरेट रॉजर्स यांच्या १९६२ सालच्या 'डिफ्यूजन ऑफ इनोव्हेशन्स' या ग्रंथाचा आधार हमखास घेतला जातो. नवप्रवर्तक, लवकर स्वीकारणारे, मग बहुसंख्य आणि शेवटी मागे रेंगाळणारे अशी त्यातील वर्गवारी पाठ्यपुस्तकांतून रूढ झाली आहे. या अभ्यासपरंपरेचे मूळ शेतीत आहे. अमेरिकेतील आयोवा राज्यातील शेतकऱ्यांनी संकरित मका कसा स्वीकारला, याविषयी रायन आणि ग्रॉस यांनी १९४३ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास हा तिचा एक आधारस्तंभ होय.

येथे एक भेद ध्यानात घ्यावा लागतो. एका शेतकऱ्याने संकरित बियाणे पेरले आणि शेजाऱ्याने पेरले नाही, तरी पहिल्याच्या शेतात कणसे भरतात. दूरध्वनीचे तसे नाही. गावात एकाच घरी दूरध्वनी असेल, तर गावातल्या गावात बोलायला त्याचा काडीचाही उपयोग नाही. समाजमाध्यम हे बियाण्यासारखे नसून दूरध्वनीसारखे आहे. किंबहुना त्याहूनही परावलंबी आहे, कारण केवळ कोणीतरी असून भागत नाही, आपले कोणी तेथे असावे लागते. रॉजर्स यांनी आपल्या ग्रंथाच्या नंतरच्या आवृत्त्यांत या भेदाची दखल घेतली आहे. परंतु आपल्या वर्गांतून जी वर्गवारी शिकवली जाते, तीत ही दखल बहुधा गळून पडते आणि 'आधी उत्साही माणसे पकडावी, बाकीचे आपोआप येतील' असा सोयीस्कर निष्कर्ष तेवढा उरतो.

दुसरा आधार आल्बर्ट हिर्शमन यांच्या १९७० सालच्या 'एक्झिट, व्हॉइस अँड लॉयल्टी' या ग्रंथाचा. एखादी संस्था बिघडू लागली की तिच्या सदस्यांपुढे दोन मार्ग असतात : बाहेर पडणे किंवा आत राहून तक्रार करणे. निष्ठा त्यांना बाहेर पडण्यापासून काही काळ रोखते. समाजमाध्यमाच्या बाबतीत बाहेर पडणे विशेष कठीण असते, कारण खाते बंद करणे क्षणाचे काम असले तरी मित्र, वाचक आणि वर्षानुवर्षांचे लेखन सोबत नेता येत नाही. त्यामुळे येथे एक चमत्कारिक मिश्रण आढळते. माणूस बाहेर पडल्याची घोषणा करतो, पण ती घोषणा जुन्या जागेला उद्देशून केलेली तक्रारच असते. तो गेलेला नसतो, रुसलेला असतो.

तिसरे पुस्तक अलीकडचे आहे. अँड्र्यू चेन यांचे 'द कोल्ड स्टार्ट प्रॉब्लेम' २०२१ साली प्रसिद्ध झाले आणि उद्योगजगतात त्याचा बराच बोलबाला झाला. रिकाम्या मंचावर कोणी येत नाही आणि कोणी येत नाही म्हणून तो रिकामाच राहतो, हा पेच त्यांनी नेमका मांडला आहे. त्यांचा उपाय असा की, स्वतःच्या बळावर तग धरू शकेल असे लहानात लहान जाळे प्रथम उभारावे आणि मग तशी एकेक करून जोडावीत. १९५८ साली बँक ऑफ अमेरिकेने क्रेडिट कार्ड देशभर न वाटता कॅलिफोर्नियातील फ्रेस्नो या एकाच शहरात सुमारे ६० हजार घरी पाठवले. ग्राहक आणि दुकानदार एकाच गावात सापडल्याने कार्डाचा वापर सुरू झाला. हा दृष्टान्त या उपायाला समर्पक आहे.

चेन यांचे निरीक्षण मान्य करूनही त्यांच्या मांडणीतील एक उणीव नोंदवणे आवश्यक आहे. त्यांच्या विचारात पहिले वापरकर्ते हे साधन आहेत; जाळे वाढले की त्यांचे कार्य संपते. ती माणसे मंचाला कोणती भाषा, कोणत्या रीती आणि कोणती बंधने देतात आणि त्या बदल्यात मंच त्यांचे काय देणे लागतो, हे प्रश्न तेथे गौण ठरतात. क्रेडिट कार्डाच्या बाबतीत ते गौण असतीलही. जेथे माणसे बोलण्यासाठी जमतात तेथे ते गौण असू शकत नाहीत.

३. रुसून आलेले

सप्टेंबर २०१४ मध्ये फेसबुकने खऱ्या नावाच्या नियमाची कडक अंमलबजावणी सुरू केली. रंगमंचावरील नावाने वावरणारे अनेक समलिंगी व पारलिंगी कलावंत त्यामुळे अडचणीत आले. 'एलो' हा पॉल बुडनिट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरू केलेला, केवळ निमंत्रणाने प्रवेश देणारा मंच तेव्हा नुकताच उभा राहत होता. वापरकर्ता ही विकण्याची वस्तू नव्हे, असे त्याच्या जाहीरनाम्यात घोषित केले होते. रुसलेल्यांची रीघ लागली आणि निमंत्रणे मिळेनाशी झाली. परंतु नको असलेल्या व्यक्तीला रोखण्याची साधी सोयही तेव्हा तेथे नव्हती. म्हणजे ज्या लोकांना छळापासून आसरा हवा होता, त्यांना दार उघडले गेले ते कडी नसलेल्या खोलीचे. लाट ओसरली, मंच पुढे कलावंतांच्या छोट्या वर्तुळापुरता उरला आणि २०२३ साली बंद पडला.

'मॅस्टोडॉन'चा अनुभव अधिक बोलका आहे. ऑयगेन रोख्को या जर्मन तरुणाने २०१६ साली तो सुरू केला. त्यावर एका कंपनीची मालकी नाही. अनेक स्वतंत्र सर्व्हर परस्परांशी जोडलेले असतात. नोव्हेंबर २०१९ मध्ये ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचे ट्विटर खाते निलंबित झाल्याच्या निषेधार्थ अनेक भारतीय वापरकर्ते 'मॅस्टोडॉन'वर गेले. काही दिवस दोन्हीकडे त्याचीच चर्चा होती. मग 'नव्याचे नऊ दिवस' या न्यायाने ती शमली आणि बहुतेकांचे लेखन ट्विटरवरच चालू राहिले. पुढे २७ ऑक्टोबर २०२२ रोजी इलॉन मस्क यांनी ट्विटरचा ताबा घेतल्यानंतर हीच घटना जागतिक प्रमाणावर घडली. 'मॅस्टोडॉन'च्या मासिक सक्रिय वापरकर्त्यांची संख्या त्या वर्षअखेरीपर्यंत सुमारे २५ लाखांवर गेली आणि पुढील काही महिन्यांत लक्षणीय घटली.

या घटीचे कारण बहुधा तांत्रिक क्लिष्टतेत शोधले जाते. सर्व्हर कोणता निवडावा, येथेच नवागत अडखळत असे, हे खरे आहे. परंतु यामागे अधिक खोल कारण आहे. रोषाचा विषय जुन्या जागी असतो. रुसून आलेला माणूस नव्या जागी येऊन जुन्या जागेविषयीच बोलतो. हे बोलणे चार दिवस ताजे असते. त्यानंतर नव्या शेजाऱ्यांशी बोलण्यासाठी दुसरा विषय लागतो, आणि तो नसेल तर पावले मागे वळतात. शिवाय रुसणाऱ्याचे मन समजूत काढली जाण्याची वाट पाहत असते. सासरहून रुसून माहेरी आलेल्या मुलीने येताना संसार उचलून आणलेला नसतो.

तरीही 'मॅस्टोडॉन' बंद पडला नाही, याचीही मीमांसा केली पाहिजे. मुक्त सॉफ्टवेअरचे पुरस्कर्ते आणि निरनिराळे छोटे समूह २०१६ पासूनच तेथे वस्ती करून होते. त्यांनी आपल्या रीती घडवल्या होत्या. उदाहरणार्थ, क्लेशकारक मजकुरापूर्वी सूचना देण्याची रीत. २०२२ साली आलेल्या गर्दीला या रीती जाचक वाटल्या आणि जुन्या रहिवाशांना गर्दी उद्धट वाटली. या वादात कोणाची बाजू न्याय्य होती, हा प्रश्न वेगळा. परंतु लाट ओसरल्यावर जे उरले ते या जुन्या वस्तीच्या आधाराने उरले, एवढे निश्चित म्हणता येते.

४. बोलावून आणलेले : 'कू'ची चिकित्सा

'कू'ची मूळ कल्पना स्वागतार्ह होती, हे प्रथमच सांगितले पाहिजे. तिच्या चालकांनी त्यापूर्वी 'वोकल' या भारतीय भाषांतील प्रश्नोत्तरांच्या मंचावर काम केले होते आणि इंग्रजी न येणाऱ्या वापरकर्त्याची अडचण त्यांना ठाऊक होती. ऑगस्ट २०२० मध्ये केंद्र सरकारच्या 'आत्मनिर्भर भारत' अ‍ॅप स्पर्धेत 'कू'ला पारितोषिक मिळाले. परंतु त्याच्याकडे देशाचे लक्ष वेधले गेले ते फेब्रुवारी २०२१ मध्ये. शेतकरी आंदोलनाशी संबंधित काही खाती बंद करण्याच्या आदेशावरून केंद्र सरकार आणि ट्विटर यांच्यात संघर्ष उद्भवला. त्याच सुमारास मंत्री आणि शासकीय विभाग 'कू'वर आले. केंद्रीय माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने ट्विटरला दिलेले उत्तर 'कू'वरून प्रसिद्ध केले. मात्र आपण 'कू'वर आल्याची वार्ता केंद्रीय मंत्री पीयूष गोयल यांनी ट्विटरवरूनच दिली.

हा तपशील गमतीचा वाटला तरी त्यात साऱ्या प्रकरणाचे सार आहे. बोलावून आणलेल्या नामवंतांनी जुनी जागा सोडली नव्हती. त्यांच्या दृष्टीने नवा मंच हा घोषणेसाठी मिळालेला आणखी एक ध्वनिक्षेपक होता. सामान्य वापरकर्ता त्यांना पाहण्यासाठी आला, पण जे वाचायला मिळाले ते दुसरीकडेही मिळत होतेच. सभेला गर्दी जमते, ती व्यासपीठाकडे तोंड करून बसते. सभा संपली की एकमेकांची ओळखदेख न होता पांगते. कट्ट्यावर चारच माणसे असतात, पण एक दिवस एखादा आला नाही तर इतर त्याची चौकशी करतात. 'कू'ने सभा भरवली. तिच्यातून कट्टा आपोआप तयार होईल, अशी त्याची अपेक्षा होती.

निरोपाच्या निवेदनात पुढे ठेवलेले आकडे या दृष्टीने वाचण्याजोगे आहेत. दैनिक वापरकर्ते, मासिक वापरकर्ते, नामवंतांची संख्या आणि लेखनाला मिळणाऱ्या पसंतीचे ट्विटरच्या तुलनेत अधिक असलेले प्रमाण यांवर तेथे भर आहे. हे सर्व आकडे व्यासपीठाकडे पाहणाऱ्यांचे आहेत. अनोळखी अशा दोन सामान्य वापरकर्त्यांमध्ये किती संभाषणे झाली आणि त्यांतील किती पुढच्या महिन्यातही चालू राहिली, हे मोजणे कठीण असेल. परंतु मंच टिकण्याचा प्रश्न त्याच मोजमापाशी निगडित होता.

बोलावणे कोणाला जाते, यावरून कोण येणार नाही हेही ठरते. ज्या वादाच्या वेळी आणि ज्या मंडळींच्या आगमनाने 'कू' गाजला, त्यामुळे तो एका राजकीय बाजूचा मंच आहे अशी समजूत पसरली. आपला मंच सर्वांसाठी खुला आहे, असे चालक वारंवार सांगत राहिले. त्यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु पहिल्या पंगतीला कोण बसले होते, हे लोक विसरत नाहीत. मतभेद हा सार्वजनिक संवादाचा प्राण होय, आणि ज्या मंचावर विरोधक फिरकत नाही तेथे समर्थकालाही फार काळ करमत नाही.

पुढील लाटाही त्याच जातीच्या होत्या. जून २०२१ मध्ये नायजेरियाच्या सरकारने ट्विटरवर बंदी घातली आणि 'कू'वर खाते उघडले. नोव्हेंबर २०२२ मध्ये ट्विटरच्या भवितव्याविषयी साशंकता पसरली असता ब्राझीलमध्ये, काहीशा थट्टेच्या वातावरणात, 'कू' एकाएकी लोकप्रिय झाला; त्याच्या नावाच्या उच्चाराला पोर्तुगीजमध्ये ग्राम्य अर्थ आहे. चालकांनी तत्परतेने पोर्तुगीज भाषेची सोय केली. भारतीय भाषांसाठी निघालेला मंच असा प्रत्येक वेळी ट्विटरच्या संकटाच्या मागे धावत गेला. ज्या मंचाची वाढ दुसऱ्याच्या बिघाडावर अवलंबून असते, तो पर्याय म्हणून नव्हे तर प्रतीक्षालय म्हणून वापरला जातो.

भाषेच्या प्रश्नाकडे स्वतंत्रपणे पाहिले पाहिजे, कारण मराठी वाचकाला तोच सर्वाधिक जवळचा आहे. एकच मजकूर एकाच वेळी अनेक भाषांत प्रसिद्ध करण्याची सोय 'कू'ने दिली होती. ती नामवंतांना आणि शासकीय विभागांना उपयुक्त होती. परंतु तीत भाषेची कल्पना 'मजकूर पोहोचवण्याचे वाहन' एवढीच आहे. भाषिक समूह अनुवादित घोषणांनी तयार होत नाही. आपला विनोद ज्याला उमगतो, आपल्या बोलीतील शब्दावर जो अडतो किंवा सुखावतो, आपली चूक जो हक्काने दाखवतो, असा दुसरा माणूस असेल तरच भाषा मंचावर नांदते. वऱ्हाडी, अहिराणी किंवा मालवणीत लिहिणाऱ्याला दहा भाषांतील सोयीपेक्षा त्याच बोलीत उत्तर देणारे दहा जण अधिक मोलाचे असतात. ती माणसे शोधून आणण्याचे काम चिकाटीचे, वेळखाऊ आणि गाजावाजा न होणारे असते. गुंतवणूकदाराला दाखवावयाच्या आलेखात ते उमटत नाही.

५. मिळून आलेले

याउलट उदाहरण मराठीतच उपलब्ध आहे. 'मायबोली' हे संकेतस्थळ १९९६ सालच्या गणेश चतुर्थीला सुरू झाले. तेव्हा युनिकोडचा प्रसार झालेला नव्हता आणि मराठी अक्षरे पडद्यावर उमटवणे ही स्वतंत्र खटपट होती. त्याचा प्रारंभीचा वाचकवर्ग मुख्यतः परदेशस्थ मराठी माणसांचा होता. ही माणसे एकमेकांना ओळखत नव्हती, परंतु त्यांची गरज सामाईक होती : घरापासून दूर असताना मराठीत बोलण्याची. येथे कोणा नामवंताला बोलावणे धाडावे लागले नाही. गणेशोत्सवातील उपक्रम, पाककृती, गावोगावच्या आठवणी आणि साहित्यचर्चा यांतून परस्परांकडे येण्याची निमित्ते निर्माण होत गेली. पुढे प्रत्यक्ष भेटीगाठींसाठी 'गटग' आणि पावसाळी सहलीसाठी 'ववि' असे खास शब्दही रूढ झाले. एखादा समूह स्वतःचे शब्द घडवू लागला की तो तेथे पाहुणा राहिला नाही, असे समजावे. 'मायबोलीकर' ही ओळख अशीच घडली.

फेसबुकचा आरंभही, त्याच्या आजच्या अवाढव्य रूपामुळे विसरला जात असला, तरी याच प्रकारचा होता. फेब्रुवारी २००४ मध्ये तो केवळ हार्वर्डच्या विद्यार्थ्यांसाठी सुरू झाला आणि एकेका विद्यापीठात पसरत सप्टेंबर २००६ मध्ये सर्वांना खुला झाला. वसतिगृहात आणि वर्गात आधीच असलेल्या ओळखींवर तो उभा राहिला.

'ब्लूस्काय'चे उदाहरण या वर्गीकरणाची कसोटी पाहणारे आहे. फेब्रुवारी २०२३ पासून वर्षभर तेथे निमंत्रणानेच प्रवेश होता. ६ फेब्रुवारी २०२४ रोजी तो सर्वांना खुला झाला. जून २०२४ मध्ये तेथे एक साधी सोय करण्यात आली. कोणाही वापरकर्त्याला आपल्या क्षेत्रातील माणसांची यादी तयार करता येऊ लागली आणि नवागताला ती सर्व मंडळी एकदम जोडून घेता येऊ लागली. ३० ऑगस्ट २०२४ रोजी ब्राझीलच्या सर्वोच्च न्यायालयातून 'एक्स'वर, म्हणजे पूर्वीच्या ट्विटरवर, बंदीचा आदेश निघाला आणि काही दिवसांतच 'ब्लूस्काय'वर वीस लाखांहून अधिक नवे वापरकर्ते आले. नोव्हेंबर २०२४ मध्ये एकूण संख्या दोन कोटींच्या पुढे गेली.

ही माणसेही जुन्या जागेवर नाराज होती किंवा तेथून बाहेर काढली गेली होती. मग फरक कोणता? दारात पाऊल ठेवताच त्यांना आपल्या विषयाची, आपल्या ओळखीची मंडळी एकत्र सापडली. खगोलशास्त्राचा अभ्यासक एकटा न येता आपल्या वर्तुळासह आला. यावरून मूळ विधानात एक दुरुस्ती करणे प्राप्त आहे. रुसणे हे स्वतः घातक नसते. एकट्याने रुसून येणे घातक असते. ऑक्टोबर २०२४ मध्ये बंदी उठल्यावर ब्राझीलमधील अनेक जण परतले आणि उत्साहाच्या प्रत्येक लाटेनंतर तेथेही ओहोटी दिसली. म्हणून 'ब्लूस्काय'च्या यशाविषयी अंतिम निर्णय देणे उतावीळपणाचे होईल. परंतु येणाऱ्याची सोबत राखणे हे मंचरचनेचे काम आहे, एवढा बोध त्यातून निश्चित मिळतो.

६. दोन आक्षेप

या प्रतिपादनावर पहिला आक्षेप असा घेता येईल की, मिळून आलेल्यांचा समूह बंदिस्त होतो. हा आक्षेप गंभीर आहे. १९९६ साली संगणक आणि आंतरजाल हाताशी असणारा मराठी माणूस बहुतांशी उच्चशिक्षित आणि शहरी होता. पहिल्यांची अभिरुची, त्यांची प्रमाण भाषा आणि त्यांचे पूर्वग्रह हीच पुढे मंचाची रीत ठरते. उशिरा येणाऱ्या ग्रामीण, दलित, आदिवासी लेखकाला त्या रीतीशी जुळवून घ्यावे लागते किंवा दुसरीकडे जावे लागते. हार्वर्डच्या वसतिगृहातील संकेत जगभर लादले गेले, हा याचाच मोठा अवतार होय. तथापि यावर गर्दी हे उत्तर नाही. मिसळीच्या नावाखाली जमलेल्या गर्दीत दुर्बळाचा आवाज आणखी क्षीण होतो. पहिल्या वर्तुळाची निवड करतानाच त्यात निरनिराळ्या थरांतील समूह त्यांच्या सोबत्यांसह असावेत, हे उत्तर आहे. कोणत्याही थरातील एकटा प्रतिनिधी हा शोभेचा पाहुणा ठरतो. चार-सहा जण असतील तर त्यांचे घर होते.

दुसरा आक्षेप पैशाचा. मंच चालवण्यासाठी खर्च येतो आणि छोट्या कट्ट्यांतून तो भागत नाही. 'डायस्पोरा' या मंचासाठी २०१० साली न्यूयॉर्क विद्यापीठातील चार विद्यार्थ्यांनी लोकांकडून दहा हजार डॉलर मागितले असता सुमारे दोन लाख डॉलर मिळाले. तरी दोन वर्षांत त्यांना प्रकल्प स्वयंसेवकांच्या स्वाधीन करावा लागला. म्हणजे पैसा नसणे जसे घातक, तसे अपेक्षा फुगवणारा पैसा मिळणेही सुखावह नसते. मोठ्या गुंतवणुकीला वेगवान संख्यावाढ लागते, वेगवान संख्यावाढीला लाटा लागतात, आणि लाटेवर आलेले लाटेबरोबर जातात. 'कू'चे भांडवल आटले म्हणून माणसे गेली, हे जितके खरे, तितकेच भांडवलाच्या घाईमुळे माणसे रुजली नाहीत, हेही संभवनीय आहे.

७. समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, पर्यायी समाजमाध्यमाचा पर्यायीपणा त्याच्या जाहीरनाम्यात नसतो. तो पहिल्या वापरकर्त्यांच्या परस्परसंबंधांत असतो. 'आम्ही अमक्यासारखे नाही' या वाक्यावर माणसे येतात, पण राहत नाहीत. राहण्यासाठी त्यांना एकत्र करण्याजोगे काही काम लागते.

या प्रश्नाशी अध्यापकवर्गाचा संबंध केवळ अभ्यासापुरता नाही. मराठीतील सार्वजनिक चर्चेचा, साहित्यविषयक वादांचा, आपल्या विद्यार्थ्यांच्या पहिल्या लेखनाचा फार मोठा भाग आज अशा जागी घडतो की ज्यांची मालकी दूरवर आहे आणि ज्यांच्या बंद होण्याची सूचना आपल्याला वर्तमानपत्रातून कळते. ३० सप्टेंबर २०१४ रोजी 'ऑर्कुट' बंद झाले तेव्हा तेथील मराठी समूहांतील गप्पा आणि वाद यांचे पुढे काय झाले, याची चौकशी आपल्यापैकी कितींनी केली? नियतकालिकांचे जुने अंक जपण्यासाठी आपण धडपडतो. या लेखनाला मात्र आपण लेखनच मानले नाही.

उद्या मराठीसाठी नवा मंच निघेल, तेव्हा त्याचे चालक एखाद्या लोकप्रिय अभिनेत्याला किंवा मंत्र्याला घेऊन येतील आणि महाविद्यालयांना विद्यार्थ्यांची नोंदणी करून देण्याची विनंती करतील. अशा वेळी नोंदणीचा आकडा देण्यापूर्वी दोन प्रश्न विचारणे हे आपले कर्तव्य आहे. येथून जावेसे वाटले तर आमचे लेखन आणि आमचे सोबती आम्हाला बरोबर नेता येतील काय? आणि तालुक्यातील बोलीचे शब्द गोळा करणारा वीस विद्यार्थ्यांचा एखादा गट येथे आला, तर त्याला उत्तर देणारा दुसरा गट आजच कोठे आहे? पहिल्या प्रश्नाचे उत्तर चालकांनी द्यावयाचे आहे. दुसऱ्याचे उत्तर त्यांच्यापाशी नसेल, तर तो गट शेजारच्या महाविद्यालयात शोधणे आपल्या हाती आहे.